रुसवा आणि शोक

मराठी भावगीतांच्या कार्यक्रमात एक जागा ठरलेली असते. निवेदक आवाज खाली आणतो, तबलजी हात मांडीवर ठेवतो, आणि कवी अनिलांच्या त्या कवितेची जन्मकथा सांगितली जाते. रुसून बसलेल्या प्रियेची कविता, कुमार गंधर्वांनी गायलेली. मराठी ऐकणाऱ्याला तिचं नाव सांगायची गरज नाही. कथेची रूपं दोन-तीन आहेत. एकात कवी बाहेरून घरी येतात, पत्नी अंथरुणावर पडलेली असते. ती रुसली आहे असं वाटून ते तिची समजूत काढत राहतात, आणि मग हाताला गारवा लागतो. दुसऱ्यात ते तिच्या पार्थिवाशेजारी रात्रभर बसून कविता लिहितात. सभागृहात कुणीतरी नाक ओढतं. मग तंबोरे सुरू होतात आणि पुढचं गाणं गाणं राहत नाही, ती शोकसभा होते.

आमच्या इंदूरला मराठी वस्ती जुनी, होळकरांच्या काळापासूनची. गणेशोत्सव आणि दिवाळी पहाट यांची कमतरता नाही, त्यामुळे ही कथा मी किती वेळा ऐकली याचा हिशेब नाही. मोबाइलवर तर ती दर दोन-तीन महिन्यांनी येतेच, खाली हात जोडलेले आणि वर समईचं चित्र.

कथा खरी नाही. कुसुमावती देशपांडे गेल्या त्या १९६१ च्या नोव्हेंबरात, आणि कविता त्यांच्या हयातीतली आहे. जाणकारांनी हे अनेकदा सांगितलं आहे. तरी कथा हटत नाही, आणि ती नुसती चूक असती तर मी तिच्या वाटेला गेलो नसतो. लोकांना मनापासून हवी असल्याशिवाय एखादी चूक इतकी वर्षं टिकत नाही. प्रेमाची एक चांगली कविता हातात आल्यावर तिच्यात एक प्रेत असावं असं आपल्याला का वाटतं, हा माझा प्रश्न आहे.

आधी त्या प्रेताबद्दल. या कथेत कुसुमावती डोळे मिटून पडलेल्या आहेत, एवढंच त्यांचं काम. खऱ्या कुसुमावती नागपुरात इंग्रजी शिकवत, कथा लिहीत, आणि मराठी कादंबरीच्या पहिल्या शतकाचा त्यांनी घेतलेला शोध अजून अभ्यासकांना टाळता येत नाही. ‘पासंग’मधली त्यांची समीक्षा वाचली तर बाई कुणाला सहजी सोडणाऱ्या नव्हत्या हे कळतं. १९६१ सालीच ग्वाल्हेरला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, त्याच्या त्या अध्यक्ष होत्या. त्या खुर्चीवर बसलेली पहिली स्त्री. तीन वर्षं आधी मालवणच्या संमेलनाचे अध्यक्ष स्वतः अनिल होते. लग्नाआधीच्या दोघांच्या पत्रांचं पुस्तक ‘कुसुमानिल’ या जोडनावानं निघालं, आणि त्या नावात पहिली अक्षरं तिची आहेत. अशी बाई रुसली तर तिला काहीतरी म्हणायचं असणार. दंतकथा तेवढंच काढून घेते. रुसलेल्या बाईची समजूत काढावी लागते, कदाचित आपली चूक कबूल करावी लागते. मेलेल्या बाईसाठी रडलं की पुरतं.

भरतानं हा फरक फार पूर्वी नोंदवून ठेवला आहे. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात तो विप्रलंभ शृंगार आणि करुण यांना वेगळं करतो, कारण वरवर पाहता दोन्हींत अश्रू सारखेच. विप्रलंभ सापेक्ष असतो, त्यात पुन्हा भेटीची अपेक्षा शिल्लक असते. करुण निरपेक्ष, तिथे वाट पाहण्यासारखं काही उरत नाही. पुढच्या शास्त्रकारांनी विप्रलंभाचे प्रकार पाडले आणि त्यांत ‘मान’ नावाचा एक ठेवला. मान म्हणजे आपला रुसवा. हिंदीत रूठना, बंगालीत अभिमान. मराठी माणसाला हा बंगाली अर्थ चटकन उमगत नाही, कारण आपल्याकडे अभिमान छाती फुगवून बाळगायचा असतो. हृषीकेश मुखर्जींच्या १९७३ च्या ‘अभिमान’मध्ये दोन्ही अर्थ एकाच शब्दात नांदतात, नवऱ्याचा हिंदी अर्थानं, बायकोचा बंगाली. असो. मुद्दा असा की अनिलांची कविता मानाची आहे, आणि निवेदक ती दर वेळी करुणात नेऊन सोडतो. कवितेतला माणूस उत्तराची वाट पाहतो आहे. कथा ऐकलेल्या श्रोत्याला मात्र उत्तर येणारच नाही हे आधीपासून ठाऊक असतं, आणि त्या ठाऊक असण्यातच त्याला गोडी वाटते.

ही गोडी आपल्या एकट्याची नाही. एरिक सीगलची ‘लव्ह स्टोरी’ १९७० साली आली, तिच्या पहिल्याच वाक्यात नायिका मेलेली असते. १९७१ चा ‘आनंद’ही त्याच ठिकाणाहून, मरणानंतरून, सुरू होतो. मी ‘आनंद’वर प्रेम करणाऱ्या पिढीतला आहे आणि त्याच्याविरुद्ध बोलणं मला जड जातं. पण त्या आजाराला वास नाही. आतड्याचा कर्करोग झालेला माणूस दोन तास बडबडतो, पतंगासारखा हिंडतो, आणि जातानाही टेपरेकॉर्डरमधून बोलून घेतो. ‘मिली’त तेच, ‘अंखियों के झरोखों से’मध्ये तेच. सिनेमातला रोगी प्रेमात पडण्याइतका धडधाकट असतो आणि रडवण्याइतका आजारी. कालिदासालाही हा मोह आवरला नाही असं कधीकधी वाटतं. रघुवंशाच्या आठव्या सर्गात इंदुमती मरते ती नारदाच्या वीणेवरून निसटलेली फुलांची माळ अंगावर पडून. ताप नाही, जखम नाही. मग अजाचा तो अप्रतिम विलाप. त्यानंतर मुलगा मोठा होईपर्यंत अज आठ वर्षं जगला, ती आठ वर्षं मात्र कवी फार थोडक्यात आटोपतो.

आमच्या घरी हे सगळं चार वर्षं चाललं. आईला अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा ती एकोणसत्तर वर्षांची होती, बाबा चौऱ्याहत्तरचे. उजवी बाजू गेली, बोलणं बरंचसं गेलं. इस्पितळातून घरी आणताना एका कागदावर सूचना लिहून मिळाल्या होत्या: दर दोन तासांनी कूस बदला, पाठ कोरडी ठेवा, पातळ पदार्थ बसवून द्या. बाबांनी तो कागद देवघराशेजारी चिकटवला. मागच्या खोलीत भाड्याचा लोखंडी पलंग आला, त्यावर हवेची गादी, तिचा पंप रात्रभर घुरघुरायचा. दिवसा एक बाई यायच्या, रात्र बाबांची. मी होतो, बायको होती, पण आम्ही मदतनीस. कामाची सूत्रं बाबांकडे होती आणि ती त्यांनी कुणाला दिली नाहीत. बँकेत पस्तीस वर्षं खतावण्या लिहिलेला माणूस डायपरचा हिशेब ठेवू लागला.

आईचे जे शब्द उरले त्यांत एक ‘अहो’ होता. तो ती दोन तऱ्हांनी म्हणायची. एक हाक मारायचा, लांबट. दुसरा तुटका, आणि तो आला की आम्ही समजायचो, बिनसलं. मग तोंड भिंतीकडे, ओठ घट्ट. कारणं क्षुल्लक असत. आमटीत गूळ विसरला. केस विंचरताना बाबांनी भांग उजवीकडे पाडला. रेडिओ लावून ते शेजाऱ्यांशी बोलत बसले. बाबा आधी चिडायचे, “अगं, माझ्या हातचं खायचं नाही तर कुणाच्या हातचं खाणार आहेस?” मग गच्चीत जाऊन उभे राहायचे. दहा मिनिटांनी परत. मग वाटी हातात घेऊन नुसतेच खुर्चीवर बसून राहायचे. कधी पाऊण तास. ती वाटी दोनदा गरम करून आणल्याचंही मी पाहिलं आहे. शेवटी आईचा डावा हात हळूच चादरीतून बाहेर येई आणि वाटीच्या दिशेनं एक बोट हले. बाबा काही बोलत नसत, भरवायला लागत.

भेटायला येणाऱ्यांना हे दिसत नसे. त्यांना दिसायची सेवा. “काय प्रेम हो तुमचं,” असं म्हणत आणि बाबा कसनुसे होत. स्तुती त्यांना नको असे असं नाही, पण ती चुकीच्या जागी पडते आहे हे त्यांना कळत असावं. एकदा एका नातेवाइकांनी सावित्रीचा दाखला उलटा करून दिला, या कलियुगात सत्यवानच सावित्रीसाठी झटतो आहे वगैरे. आई तेव्हा तोंड फिरवून होती. पाहुण्यांना वाटलं तिला झोप लागली.

चौथ्या वर्षाच्या उन्हाळ्यात आईनं रुसणं सोडलं. वाटी पुढे आली की तोंड उघडायचं. गूळ असो नसो, भांग कुठेही पडो. बाहेरून पाहता सगळं सोपं झालं, दिवसाच्या बाई म्हणाल्याही, “माताजी अब परेशान नहीं करतीं.” बाबांना मी एवढं घाबरलेलं कधी पाहिलं नाही. ते मुद्दाम आमटी अळणी करून बघायचे. चमचा तोंडाशी नेऊन थांबायचे, तिनं नाही म्हणावं म्हणून. त्यानंतर ती नऊ आठवडे होती. त्या नऊ आठवड्यांत डॉक्टरांचे रिपोर्ट मागच्यापेक्षा वाईट नव्हते.

आई गेल्यानंतर साधारण वर्षानं मी बाबांबरोबर मिखाएल हानेकेचा ‘आमूर’ पाहिला. २०१२ चा चित्रपट, त्याला कान महोत्सवात पाम दोर मिळालं, पुढे ऑस्करही. पॅरिसमधलं एक घर, जॉर्ज आणि ॲन हे ऐंशीच्या घरातले निवृत्त संगीतशिक्षक, आणि ॲनला येणारा झटका. तिचीही उजवी बाजू. बाबांना दाखवावा की नाही यावर मी बरेच दिवस घालवले. शेवटी त्यांनीच विचारलं, तू रात्री एकटाच बघतोस तो कुठला, तर लाव. फ्रेंच येत नाही, इंग्रजी उपशीर्षकं त्यांच्या डोळ्यांना बारीक, म्हणून मी अधूनमधून सांगत होतो. थोड्या वेळानं म्हणाले, सांगू नकोस, कळतंय.

जॉर्ज ॲनला चाकाच्या खुर्चीवरून उचलून आरामखुर्चीत बसवतो तो प्रसंग समीक्षकांनी फार वाखाणला आहे. दोन म्हातारी माणसं एकमेकांना धरून उभी, पावलं इंचाइंचानं सरकताहेत, क्षणभर नाचाचा भास होतो. मलाही तो भास झाला. बाबा पुढे वाकून बघत होते. म्हणाले, “गुडघ्यात वाकायला पाहिजे त्यानं. असा कमरेतून उचलतोय, पाठ जाईल.” आणि थोड्या वेळानं, “तिचा पाय आधी अडकवायचा असतो आपल्या पायात.” चित्रपटावर मी बरंच वाचलं आहे. इतकी नेमकी टीका दुसरी वाचलेली नाही.

पुढे एक जागा आहे. ॲन पाणी प्यायला नकार देते, जॉर्ज विनवतो, पाजतो, ती ते थुंकते, आणि तो तिच्या थोबाडीत मारतो. लगेच माफी मागतो. मी बाबांकडे पाहिलं नाही. ते उठले, स्वयंपाकघरात गेले, नळ सुटल्याचा आवाज आला. परत आल्यावर म्हणाले, “तिला पाणी नको असतं असं नाही. तिला हो म्हणायचं नसतं.” मग झोपायला गेले. चित्रपटाचा शेवट त्यांनी पाहिला नाही, विचारलाही नाही. त्या शेवटाबद्दल, जॉर्जच्या हातातल्या त्या उशीबद्दल, जगभर वाद झाले, दया की खून. मला त्या वादात रस आहे, पण हानेकेची ताकद शेवटात आहे असं मला वाटत नाही. ॲन मेलेली आहे हे त्यानं पहिल्याच दृश्यात दाखवून टाकलेलं असतं. ‘लव्ह स्टोरी’चीच युक्ती, पण उलट्या कामासाठी वापरलेली. मरणाची उत्सुकता संपवली की प्रेक्षकाला मधले दिवस बघण्यावाचून गत्यंतर राहत नाही: नर्स कशी केस ओढून विंचरते, मुलगी येऊन मोठमोठ्यानं कशी रडते आणि कामाची काहीच कशी नसते.

अनिलांची ती कविता ज्यांनी गायली त्यांच्या आयुष्यातही असेच मधले दिवस होते, आणि ते इंदूरपासून तासाभराच्या अंतरावर, देवासला गेले. कुमार गंधर्व १९४८ च्या जानेवारीत तिथे आले ते क्षयाचे रोगी म्हणून. माळव्याची कोरडी हवा मानवेल एवढीच आशा. सुमारे पाच वर्षं अंथरूण, गाण्याला बंदी. पत्नी भानुमती स्वतः गाणाऱ्या. त्यांनी शाळेत शिकवून घर चालवलं आणि नवऱ्याची शुश्रूषा केली. स्ट्रेप्टोमायसिन मिळालं, कुमार उठले, एक फुप्फुस जवळजवळ निकामी झालेलं असताना गायला लागले, आणि पुढचं गाणं असं की ते ऐकून पिढ्या घडल्या. त्या पडून राहण्याच्या काळात त्यांनी खिडकीतून ऐकलेली माळवी लोकगीतं, भिक्षेकऱ्यांची निर्गुण भजनं, हे आता सर्वश्रुत आहे. भानुमती १९६१ मध्येच गेल्या, दुसऱ्या मुलाच्या जन्मानंतर. टेकडीच्या पायथ्याचं घर ‘भानुकुल’ म्हणून ओळखलं जातं.

ही गोष्ट कुठल्या निवेदकाला कधी सांगाविशी वाटल्याचं मला आठवत नाही. तिच्यात मरणं चुकीच्या क्रमानं येतात. रोगी वाचतो, शुश्रूषा करणारी जाते, आणि तीही रोगानं नव्हे. सेवेचं फळ, त्यागाचा सुगंध असली काही ओळ तिच्यावर बसत नाही. कविता आणि गाणं दोघांच्याही घरात १९६१ साली एकेक मृत्यू झाला, त्यातूनच ऐकणाऱ्यांच्या मनात काही सरमिसळ होऊन दंतकथा जन्मली असेल का, हे माझं नुसतं अनुमान. अनिल त्यानंतर एकवीस वर्षं जगले. ‘दशपदी’ त्या वर्षांतलं, १९७६ चं पुस्तक. दहा ओळींच्या कवितांचं. जोडीदार गेल्यावर माणूस काय लिहितो हे खरंच पाहायचं असेल तर ते तिथे पाहावं. पण त्याला सभागृहात नाक ओढता येत नाही, सावकाश वाचावं लागतं.

रुसव्याफुगव्यासकट मरणापर्यंत पोचणारं मराठीतलं माझं पुस्तक ‘स्मृतिचित्रे’ आहे. लक्ष्मीबाई टिळकांनी नवऱ्याचं चित्र काढताना त्याचा संताप, लहर आणि विसराळूपणा यांतलं काही झाकलं नाही. रेव्हरंड टिळक राजनांदगावच्या आगगाडीत कुणा अनोळखी गोऱ्या माणसाकडून बायबल घेतात, १८९५ मध्ये ख्रिस्ती होतात, आणि नवरा-बायकोची काही वर्षं ताटातूट होते. तो दुरावा, ते परत एकत्र येणं, मग पुन्हा भांडणं. बाई रडतात तशा हसवतातही, कधी एकाच परिच्छेदात. टिळक १९१९ मध्ये गेले. त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य जेमतेम सुरू होऊन अर्धवट राहिलं होतं. लिहिणं-वाचणं लग्नानंतर शिकलेल्या लक्ष्मीबाईंनी त्याचा बहुतेक सगळा भाग पुढे स्वतः रचला. मला वाटतं ती ओवी लिहितानाही त्यांचं टिळकांशी कुठे ना कुठे वाजत असणार, इथे तुम्ही असं म्हटलं असतं, मी नाही म्हणणार.

बाबांनी चार वर्षांत आईच्या सात वह्या भरल्या. लांब, पुठ्ठ्याच्या, बँकेत असतात तशा. डाव्या बाजूला वेळ, मग रक्तदाब, साखर, औषध, खाणं, पोट, आणि सगळ्यात उजवीकडे शेऱ्याचा रकाना. अक्षर शेवटपर्यंत एकसारखं. परवा कपाट आवरताना चौथी वही उघडली गेली. एका पानावर असं आहे: सकाळी ८, दाब १४०/९०, साखर १६२, पोट साफ. १०.१५, खिमट नको म्हणाली, रुसली. ११, अजून रुसलेली. ११.४०, हसली, खिमट अर्धी वाटी. त्याखाली लाल शाईनं रेघ, जशी बेरीज जुळल्यावर मारतात.

मी बाबांना विचारलं, हे रुसली-हसली कशाला लिहिलंत?

“डॉक्टरांना सांगायला,” ते म्हणाले. “नंतर नेमकी वेळ आठवत नाही.”